एक डोंगर, तीन रानं : सावरगावहून सातपुडा राष्ट्रीय उद्यान कसं पाहावं

जाम नदीच्या अल्याड सावरगाव आणि पल्याड पांढुर्णा. या दोन्ही काठांवर असं घर विरळाच, ज्यातलं कोणी ना कोणी पचमढीच्या महादेवाला किंवा नागद्वारीला गेलेलं नाही. महाशिवरात्रीला चौरागडाच्या पायऱ्या चढणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीचे डोंगर तुडवणारे यात्रेकरू मोठ्या संख्येनं विदर्भातले आणि आपल्याच छिंदवाडा-पांढुर्ण्याकडचे असतात. सातपुडा आपल्याला नवा नाही. पण यात्रेत पाय चालत असतात, मनात देव असतो आणि भोवतीचं रान नुसतं मागे पडत जातं. त्याच डोंगरात देशातल्या सर्वांत सुंदर राष्ट्रीय उद्यानांपैकी एक आहे. ते शांतपणे, त्याच्याच चालीनं पाहायचं असेल तर सावरगावच्या माणसानं आखणी कशी करावी, ते या लेखात क्रमानं सांगतो.

आधी मुद्द्याची गोष्ट. बहुतेक जण तारीख ठरवतात, गाडी ठरवतात आणि मग विचारतात, ‘तिथं वाघ दिसतो का?’ सातपुड्यात हा क्रम उलटा करावा लागतो. इथं एका उद्यानात तीन वेगळी रानं आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं, ऋतू वेगळा, पाहायची रीत वेगळी. कोणतं रान पाहायचं ते पहिल्यांदा ठरवा. महिना, परवाना, रस्ता, मुक्काम हे सगळं त्यामागून आपोआप ठरत जातं.

रान वेगवेगळं का?

सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली जाहीर झालं. शेजारची बोरी आणि पचमढी ही अभयारण्यं धरून आता सातपुडा व्याघ्र प्रकल्प बनला आहे. गाभा आणि बफर मिळून त्याचं क्षेत्र २,१३३ चौरस किलोमीटरच्या आसपास भरतं. बराचसा भाग नर्मदापुरम जिल्ह्यात येतो. या जिल्ह्याचं जुनं नाव होशंगाबाद.

इतक्या जागेत भूमी सतत बदलते, त्याचं मूळ खडकात आहे. पचमढीचं पठार वालुकाश्माचं आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणलेली रेती दाबून तयार झालेलं. पाणी हा दगड उभा कापत जातं, म्हणून तिथं सरळसोट कडे, अरुंद घळी आणि खोल दऱ्या आहेत. त्या दऱ्यांना तिकडे ‘खोह’ म्हणतात. काही भागांत आपल्या शेतांखाली असतो तोच काळा, लाव्हारसाचा खडक आहे. त्याची माती वेगळी, म्हणून झाडंही वेगळी. ढोबळमानानं वालुकाश्मावर साल आणि काळ्या खडकाच्या मातीवर साग, अशी वाटणी दिसते. साल हा मुख्यतः पूर्वेकडचा वृक्ष. मंडला-बालाघाटकडची त्याची सलग वनं मागे सोडून इतक्या पश्चिमेला पचमढीत त्याचं एकटंच बेट उरलेलं आहे. साग आणि साल हे दोन्ही वृक्ष एकाच उद्यानात भेटतात, आणि तिथूनच इथल्या वैविध्याला सुरुवात होते.

पांढुर्ण्याचा माणूस साग लांबून ओळखतो. त्याचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, हे इथल्या पोरांनाही ठाऊक असतं. सालाचं पान लहान, गुळगुळीत आणि चकचकीत असतं. सागाचं रान उन्हाळ्यात पार उघडं पडतं. साल पूर्ण बोडका होत नाही. जुनी पानं गळत असतानाच नवी येऊ लागतात. म्हणून एप्रिलमध्ये उद्यानातल्या चूरना या सागाच्या भागात सगळं करड्या रंगाचं असतं, तेव्हा पचमढीच्या दऱ्या हिरव्या असतात.

पहिलं दार : पचमढी

हे पठार पायी पाहण्याचं आहे. सातपुड्याचं आणि मध्य प्रदेशाचं सर्वांत उंच शिखर धूपगड इथंच आहे, उंची सुमारे १,३५० मीटर. पठारावर हांडी खोह, रजत प्रपात, बी फॉल, जटाशंकर, रीछगड ही ठिकाणं आहेत. गाडीनं एका दिवसात त्यांच्यावरून धावत जाण्यापेक्षा दोन-तीनच निवडावीत आणि त्यांना वेळ द्यावा.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा इंग्रज अधिकारी इथं आला आणि १८६२ साली त्यानं ‘बायसन लॉज’ बांधलं. या डोंगरांवरचं त्याचं पुस्तक १८७१ साली निघालं. पण त्यानं पचमढी ‘शोधून काढली’ असं म्हणणं कोरकू आणि गोंड लोकांवर अन्याय करणारं आहे. ते इथं पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. इथल्या खडकांच्या कपारींत रंगवलेली शिकारीची, नाचाची आणि प्राण्यांची चित्रं तर कित्येक सहस्रकं जुनी आहेत. एखादी चित्रांची कपार जरूर बघा. पांढऱ्या आणि गेरूच्या रेषांत हरणामागे धावणारी माणसं दिसतात. चित्रांना हात लावू नका, पाणी मारून ती उजळायचा प्रयत्न तर मुळीच नको.

दऱ्यांच्या तळाशी ऊन पोचत नाही, ओल टिकते. तिथं वृक्षासारखं खोड असलेली नेची वाढतात. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी ती पाहायला लांबून येतात. हिमालय आणि सह्याद्री या दोन्हीकडच्या वनस्पतींचे नातलग या एका पठारावर सापडतात. पचमढीचा प्रदेश १९९९ साली जीवावरण राखीव क्षेत्र ठरला आणि २००९ साली युनेस्कोच्या यादीत गेला, तो या ठेव्यामुळेच.

धूपगडसारख्या ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही, परवाना काढून स्थानिक जिप्सी घ्यावी लागते. त्याची चौकशी पचमढीत पोचल्या दिवशीच संध्याकाळी उरकून घ्या. सकाळचा वेळ मग रांगेत जात नाही.

दुसरं दार : चूरना आणि बोरी

हे सागाचं, बांबूचं आणि गवताचं रान. बोरीचं नाव भारतीय वनांच्या इतिहासात पहिल्या पानावर येतं. १८६५ साली इथलं जंगल राखीव झालं, देशातल्या सर्वांत जुन्या राखीव वनांपैकी हे एक. इथले जुने साग पाहिले की झाडाला दीडशे वर्षं मोकळं वाढू दिलं तर ते काय होतं, ते कळतं.

चूरन्याच्या आसपास झाडी अचानक संपते आणि मोठं कुरण उघडतं. ही कुरणं आपोआप झालेली नाहीत. इथं कोरकू आणि गोंडांची गावं होती. चूरना, बोरी, धाईं, साकोट अशी अनेक गावं टप्प्याटप्प्यानं गाभ्याबाहेर वसवली गेली. जिथं शेतं होती तिथं गवत माजलं, गवतावर चितळ-सांबर वाढले, रानगवे उतरू लागले. कान्हातून आणलेले बारशिंगेही याच भागात पुन्हा वसवण्यात आले. कुरणाच्या कडेला एखादं जुनं मोहाचं किंवा आंब्याचं झाड दिसलं तर ओळखा, ते कुणाच्या तरी अंगणातलं होतं. तुमचा गाइडही अशाच एखाद्या गावचा असू शकतो. त्याला त्याच्या गावाबद्दल आदरानं विचारा. त्याच्याइतकं हे रान कोणत्याही पुस्तकाला माहीत नाही.

या दारानं जायला सावरगाव अगदी सोयीच्या जागी आहे. नागपूर-बैतूल-इटारसी महामार्गावरच्या भौंरा गावाकडून चूरन्यात प्रवेश आहे.

तिसरं दार : मढई

हे पाण्याचं रान. तवा नदीवर १९७०च्या दशकात मोठं धरण झालं आणि त्याचं पाणी देनवा नदीच्या खोऱ्यात मागे सरकत मढईपर्यंत आलं. सोहागपूरपासून साधारण २० किलोमीटरवर नदीचा काठ लागतो. समोर उद्यान आणि मध्ये देनवा. होडीतून पलीकडे जायचं आणि मगच जिप्सीत बसायचं. पहाटेच्या धुक्यात ही पाच-दहा मिनिटांची होडी सगळी धावपळ मागे टाकायला लावते.

हिवाळ्यात या पाण्यावर लांबून आलेले पक्षी असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीनं काठावर बसलेले असतात. उन्हं चढली की चिखलावर मगर येऊन पडते. नशीब असेल तर पाणमांजरांची टोळी मासे धरताना दिसते. पाणी उतरलं की काठावर कोवळं गवत फुटतं आणि त्यावर चितळांचे कळप येतात. उन्हाळा वाढतो तसे रानगवेही पाण्याकडे सरकतात.

सातपुड्याची खरी श्रीमंती इथं कळते. देशातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत पर्यटकाला गाडीतून उतरता येत नाही. सातपुड्यात मात्र गाइड आणि वनरक्षकासोबत ठरलेल्या वाटांवर पायी चालण्याची, तसंच होडीनं फिरण्याची सोय आहे. गाडीतून रान दिसतं, पायी ते ऐकू येतं. वाळवीनं पोखरलेलं खोड, अस्वलानं उकरलेलं वारूळ, झाडाच्या सालीवर ओढलेली नखं, या गोष्टी चालत गेल्याशिवाय नजरेत भरत नाहीत. एक तरी सकाळ पायी चालण्यासाठी ठेवाच.

महिना कोणता?

उद्यानाचा गाभा १ ऑक्टोबर ते ३० जून उघडा असतो आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. म्हणजे पोळा आणि दुसऱ्या दिवशी पाडव्याची गोटमार जत्रा होते तेव्हा सफारी बंद असते. नागद्वारीची यात्रा या बंद काळात, काही ठरावीक दिवसांपुरती, प्रशासनाच्या बंदोबस्तात होते. तिला सफारी समजू नये. पावसाळ्यात जायचंच असेल तर पचमढीचं पठार खुलं असतं आणि धबधबे तेव्हाच भरात असतात.

आपल्याकडे बागेचं वेळापत्रक आधी आणि फिरणं नंतर. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतात, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्यांच्याकडे आंबिया आहे त्यांना तोडा आटोपल्यावर, डिसेंबरअखेर ते जानेवारीत मोकळीक मिळते. तेव्हा मढईला जावं, पाणी आणि पक्षी दोन्ही भरपूर असतात. मृगवाल्यांनी तोडणीनंतर एप्रिल धरावा आणि चूरन्याकडे वळावं. तेव्हा पळस फुलून गेलेला असतो, मोहाचा सडा पडू लागतो आणि मोहासाठी अस्वलं बाहेर पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रान दाट हिरवं असतं. प्राणी कमी दिसतात, पण भूप्रदेश सर्वांत देखणा तेव्हाच.

मे महिन्यात पाणवठ्यांवर प्राणी सर्वांत जास्त दिसतात, पण खालच्या रानात पारा चाळिशीच्या वर जातो. म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर मे टाळावा. जानेवारीत उलट अडचण असते. पहाटेच्या उघड्या जिप्सीतला वारा कानटोपी, हातमोजे आणि जाड शाल असल्याशिवाय सोसत नाही.

तारखा ठरवताना महाशिवरात्रीचे दिवस आणि नागद्वारीचा काळ टाळा. पचमढीत तेव्हा खोली मिळणं कठीण जातं. नाताळ ते १ जानेवारी आणि होळीच्या जोडसुट्ट्यांचंही तसंच. होळीच्या दिवशी सफारी बंद असते. बुधवारी दुपारची फेरी नसते, म्हणून बुधवार प्रवासासाठी वापरा.

परवाना काढायची रीत

गाभ्यातल्या सफारीचा परवाना मध्य प्रदेश वनविभागाच्या ऑनलाइन पोर्टलवरून निघतो. साधारण चार महिने आधीपासून तो खुला होतो. मढईच्या सुट्टीच्या दिवसांच्या जागा लवकर संपतात, आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या त्यामानानं सहज मिळतात. स्वतः जमत नसेल तर पांढुर्ण्यातल्या एखाद्या ऑनलाइन सेवा केंद्रातून काढून घ्या. मात्र पुढच्या गोष्टी स्वतः डोळ्यांखालून घाला.

पहिली, गेटचं नाव. सातपुड्याला गाभ्याची आणि बफरची मिळून बरीच गेटं आहेत आणि ती एकमेकांपासून तासन्‌तास लांब आहेत. मढईला मुक्काम आणि परवाना भौंऱ्याचा, असं झालं तर सकाळ वाया गेली म्हणून समजा. दुसरी, नावं आणि ओळखपत्र. परवान्यावर जे ओळखपत्र लिहिलं तेच मूळ स्वरूपात गेटवर दाखवावं लागतं. आधार कार्डावर जसं नाव आहे तसंच टाका. तिसरी, फेरी. सकाळची फेरी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते, दुपारची साधारण तीनच्या पुढे आणि वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. चौथी, खर्चाचे भाग. परवान्याचे पैसे ऑनलाइन भरले तरी जिप्सीचं भाडं आणि गाइडची फी वेगळी असते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. पूर्ण गाडीचा परवाना घेता येतो आणि एकट्यादुकट्याला एका जागेचाही मिळतो. सहा जणांचं कुटुंब असेल तर पूर्ण गाडी डोईजड होत नाही.

दर अधूनमधून बदलतात, म्हणून पोर्टलवर त्या दिवशी दिसेल तोच आकडा खरा धरा. गाभ्याचा परवाना मिळाला नाही तर बफरच्या गेटांची चौकशी करा. परसापानीसारख्या बफरमध्ये गर्दी कमी असते आणि वाघ-बिबट्याला गाभा आणि बफर यांतली रेषा कुठून ठाऊक असणार!

रस्ता

सावरगावहून दोन वाटा आहेत.

पश्चिमेची वाट मुलताई, बैतूल, शाहपूर, भौंरा अशी जाते. भौंऱ्यापर्यंत अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आणि रस्ता मोठा. ही वाट चूरन्याला सोयीची, आणि पुढे इटारसीवरून सोहागपूर गाठून मढईलाही. पाण्याच्या नजरेनं पाहिलं तर हा प्रवास विलक्षण आहे. निघताना ओलांडलेल्या जामचं पाणी शेवटी गोदावरीला मिळतं. मुलताईत तापीचा उगम आहे. बैतूलची माचना तव्याला आणि तवा नर्मदेला. दोन-तीन तासांत आपण तीन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांतून जातो. मुलांना हे नकाशावर बोट ठेवून दाखवा, शाळेतला भूगोल त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

पूर्वेची वाट सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली अशी पचमढीला जाते. यात्रेकरूंची ही नेहमीची वाट. सौंसर सोडल्यावर सिल्लेवानीचा घाट लागतो, तामियापासून डोंगर सुरू होतात. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असलं तरी घाटांमुळे सहा तास धरावेत. तामियाला थांबून खालची दरी नक्की पाहा. भारिया लोकांची वस्ती असलेलं पाताळकोट याच तालुक्यात आहे, पण त्याच्यासाठी वेगळा दिवस काढायला हवा.

रेल्वेनं जायचं असेल तर पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी मुख्य मार्गावरच आहे. इटारसीला गाडी बदलून जबलपूरच्या दिशेनं गेलं की आधी सोहागपूर आणि मग पिपरिया येतं. मढईसाठी सोहागपूरला उतरा, पचमढीसाठी पिपरियाला. पिपरियाहून पचमढी सुमारे ५० किलोमीटर आहे आणि बस-जीपची सोय आहे.

कोणतीही वाट धरा, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. सातपुडा आणि पेंच यांना जोडणारा वन्यप्राण्यांचा मार्ग शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्याच्या जंगलांतून जातो आणि सातपुडा-मेळघाटचा बैतूलकडून. रात्री या रस्त्यांवर गाडीचा वेग कमी ठेवणं ही जंगल पाहायला जाणाऱ्याची पहिली जबाबदारी.

रानात शिरल्यावर

कपडे मळकट हिरव्या किंवा मातकट रंगाचे घाला. अत्तर, भडक साडी-शर्ट आणि प्लॅस्टिकच्या पुड्या मुक्कामावरच राहू द्या. पाण्याची स्वतःची बाटली, टोपी, रोजची औषधं आणि दुर्बीण बरोबर असावी. दुर्बीण उसनी मिळाली तरी चालेल, पण नसेल तर अर्धं मढई हातचं जातं. आतमध्ये मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि मोबाइल वापरावरचे नियम आता कडक आहेत. गेटवर सांगतील तसं करा. ज्यांना पाठीचा किंवा मणक्याचा त्रास आहे त्यांनी जिप्सीत पुढच्या बाकावर बसावं, मागच्या बाकावर गचके जास्त बसतात.

आणि मग पाहायचं कसं? धुळीची वाट हे रानाचं रात्रीचं वर्तमानपत्र. सकाळच्या पहिल्या गाडीनं ते पुसण्याआधी वाचावं लागतं. वाघ-बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण मार्जारकुळातले हे प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात. रानकुत्रा, कोल्हा आणि तरसाच्या ठशात नखांच्या खुणा दिसतात. वाघाच्या मागच्या पंजाचा ठसा चौकोनी, रुंद असेल तर बहुधा नर आणि लांबट असेल तर मादी. ठशाच्या कडा धारदार असतील तर तो ताजा. त्यावर गवताची काडी किंवा किड्याची रेघ असेल तर तो रात्रीच पडून गेलेला.

ठशानंतर आवाज. गाइडनं गाडी बंद केली की सगळ्यांनी गप्प बसायचं. वानर उंच फांदीवरून खोकल्यासारखं ओरडतं, चितळ तीक्ष्ण शीळ घातल्यासारखं ओरडतं, सांबर मोठ्यानं ‘ढाँक’ करतं. चितळ घाबरट असतं, क्षुल्लक कारणानंही ओरडतं. सांबर ओरडायला लागलं आणि त्याचा पाय जमिनीवर आपटू लागला, की जवळपास काहीतरी आहे असं समजावं. थांबणं हीच इथली हुशारी. एका झाडाखाली वीस मिनिटं थांबलेली गाडी पन्नास किलोमीटर पळालेल्या गाडीपेक्षा जास्त पाहते.

मान वर करायलाही विसरू नका. उंच झाडाच्या दुबेळक्यात पानांचं मोठं घरटं दिसलं की शेकरू शोधा. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी सातपुड्याच्या या रानांत सुखानं नांदतो. लालसर-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि धडाहून लांब झुपकेदार शेपूट. एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना तो शेपटीनं तोल साधतो, ते क्षणभरच दिसतं आणि फार देखणं असतं.

आणि वाघ?

वाघ आहे. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ मोजले गेले, देशात सर्वाधिक, आणि सातपुडा हे त्यांचं एक महत्त्वाचं घर आहे. पण इथं डोंगर उंच-सखल, झाडी दाट आणि जागा मोठी, म्हणून तो चटकन दिसत नाही. बिबट्या, अस्वल आणि रानगवा यांच्या भेटीची शक्यता जास्त. फक्त वाघच पाहायचा असेल तर आपल्या जवळचं पेंच बरं. तिथलं जामतरा गेट छिंदवाडा जिल्ह्यातच आहे, तुरिया आणि करमाझिरी सिवनी जिल्ह्यात. आठ वेळा विऊन २९ बछडे देणारी ‘कॉलरवाली’ वाघीण याच पेंचची. जानेवारी २०२२ मध्ये ती गेली. पेंचला वाघासाठी जावं, सातपुड्याला रानासाठी. दोन्हीची सरमिसळ केली की दोन्हीकडून हिरमोड होतो.

चार दिवसांचा एक बेत

ज्यांना सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी जानेवारीतला हा बेत.

पहिला दिवस बुधवार धरा. सावरगावहून पहाटे निघून छिंदवाडा-तामियामार्गे दुपारपर्यंत पचमढी. संध्याकाळी परवान्याची आणि जिप्सीची व्यवस्था. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चित्रांची कपार आणि एक दरी, संध्याकाळी धूपगड. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरून पिपरिया-सोहागपूरमार्गे मढई, अडीच-तीन तासांचा रस्ता. दुपारी होडीनं देनवा ओलांडून जिप्सीची फेरी. चौथ्या दिवशी पहाटे पायी फेरी आणि मग सोहागपूर, इटारसी, बैतूल, मुलताई करत घरी. जाताना पूर्वेची वाट आणि येताना पश्चिमेची, म्हणजे सातपुड्याला पूर्ण फेरा घातला जातो. पचमढी आणि मढई दोन्हीकडे मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत, शिवाय पचमढीत धर्मशाळा आणि साधी लॉजही आहेत. चूरना यात घुसवू नका. एप्रिलमध्ये भौंऱ्याकडून त्याच्यासाठी वेगळे दोन दिवस काढा, तेव्हाच ते रान आपलं खरं रूप दाखवतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, एवढी आखणी कशाला, देवाला जातो तसं उठावं आणि जावं. पण देवाची वाट आपल्या पूर्वजांनी चालून चालून आखून ठेवली आहे, म्हणून ती सोपी वाटते. रानाची वाट आपल्या पिढीला आखायची आहे. या उद्यानासाठी कित्येक कोरकू-गोंड कुटुंबांनी आपली शेतं आणि अंगणं सोडली. पाहणाऱ्यानं निदान तयारीनं जावं, स्थानिक गाइडच्या हाताला काम द्यावं, प्लॅस्टिक परत आणावं आणि घरच्या मुलांना साग-सालातला फरक ओळखता यावा, एवढं तरी करावं. सोबतीला कोण येणार ते आजच ठरवा, गेट निवडा आणि तोडणीनंतरचा मोकळा आठवडा कॅलेंडरवर खुणावून ठेवा.